दोष कुणाचा? टेपचा, कानाचा की तारेचा?

गेल्या दीड वर्षात मी चार हेडफोन संपवले. घरात हा आता थट्टेचा विषय झाला आहे. नवा हेडफोन आणला की सौ. विचारते, "ह्याची मुदत किती?" मीही हसण्यावारी नेत होतो. पण गेल्या श्रावणात असे काही घडले की ही थट्टा मला जवळजवळ महागात पडली. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो आहे. विषय तारेचा आणि प्लगचा असला तरी वाचकांनी कंटाळू नये, कारण त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला माझी आई आहे.

आई जात्यावर ओव्या म्हणायची. पुढे गिरण आली, जाते कोपऱ्यात गेले, पण ओव्या तिच्या ओठांवर राहिल्या. १९९२ च्या मे महिन्यात शेजाऱ्यांनी कुवेतहून आणलेला एका स्पीकरचा टेपरेकॉर्डर मी चार दिवस मागून घेतला आणि तिला पडवीत बसवून तिच्या ओव्या भरून घेतल्या. अकरा कॅसेट झाल्या. मागे कोंबड्या, मध्येच माडावरून पडणारा नारळ, कुणीतरी "गे बाये" म्हणून मारलेली हाक, सगळे त्यात आहे. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. भाच्याने त्या कॅसेट संगणकावर उतरवून दिल्या आणि मी रोज रात्री दोन तास बसून एकेक ओवी ऐकून टंकलिखित करू लागलो. ओव्यांतले शब्द अर्धे मराठी, अर्धे आमच्या गावचे. आईच्या तोंडात पान असायचे. त्यामुळे संगणकाच्या स्पीकरवर शब्द कळत नाहीत. हेडफोन हवाच.

श्रावणातल्या त्या रात्री मी सातवी कॅसेट लावली. कानात आवाज आला तो नुसत्या टेपच्या सळसळीचा. कौलांवर पाऊस पडावा तशी एकसारखी सळसळ. आईचा आवाज नाही. पुढे सरकवले, मागे आणले, आवाज वाढवला. फार लांब, विहिरीच्या तळातून यावे तसे काहीतरी चरचरीत ऐकू येई, पण शब्द नाही. ह्या कॅसेटला मागे पावसाळ्यात बुरशी लागली होती, ती मीच कापसाने पुसली होती. त्यामुळे निदान करायला मला एक मिनिटही लागले नाही. कॅसेट गेली.

ताई फोंड्याला असते. तिला फोन केला. सातव्या कॅसेटमध्ये तिच्या लग्नाच्या वेळच्या ओव्या होत्या, लेक सासरी निघते त्या. आईने त्या पुन्हा कधीच म्हटल्या नाहीत. मी ताईला म्हटले, "सातवी गेली गं. बुरशीने खाल्ली." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जाऊ दे. जपणार तरी किती." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आठवी कॅसेट लावली. तीच सळसळ. मग नववी. तीच. मला वाटले, म्हणजे सगळाच खजिना बुडाला. सहा कॅसेट हाती लागल्या, तेवढ्यावर समाधान मानावे. हे माझे ठरलेही होते. पण एका ओवीतला शब्द तपासायला म्हणून सहज चौथी कॅसेट उघडली. त्यातही आई नव्हती! आता चौथी कॅसेट तर मी महिन्यापूर्वी शब्दन् शब्द ऐकून लिहून काढली होती. माझ्यासमोर वहीत ती लिहिलेली होती. जे एकदा ऐकले ते संगणकातल्या फाइलमधून आपोआप पुसले कसे जाईल? तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आई होती तिथेच होती. माझ्यापर्यंत पोचत नव्हती.

तोच हेडफोन काढून मोबाईलला लावला. एक नवे भावगीत लावले. बासरी, तबला, सतार इकडून तिकडून वाजत होते, पण गायिका गायब! नुसता तिच्या आवाजाचा घुमारा मागे राहिलेला. संगणक बदलला तरी रोग तोच, म्हणजे रोगी हेडफोन. एवढी साधी परीक्षा मी पहिल्याच रात्री केली असती तर ताईला तो फोन करावा लागला नसता.

शुक्रवारी म्हापशाला बाजारासाठी जायचे होतेच. तिथे रेडिओ, मिक्सर, इस्त्री असे सगळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ लहानशा गाळ्यात बसतात. आधीचे तीन मेलेले हेडफोनही माझ्या खणात होते, तेही पिशवीत घातले. (गोंयकार वस्तू वापरणे सोडतो, फेकत नाही!) त्यांनी चारही काउंटरवर ओळीने मांडले आणि विचारले, "कितें जालां?" मी म्हटले, माणसाचा आवाज जातो आणि वाद्ये राहतात. ते हसले. त्यांना बहुधा तेवढ्यावरच कळले.

त्यांनी मीटर काढला. प्लगच्या टोकाला डाव्या कानाची तार जोडलेली असते, मधल्या कड्याला उजव्या कानाची, आणि बुंध्याला दोघांची मिळून एक परतीची तार. टोक आणि कडे यांमध्ये मीटरने चौसष्ट ओहमच्या आसपास दाखवले. एकेका कानाचे बत्तीस, दोघांचे मिळून चौसष्ट. म्हणजे दोन्ही कान शाबूत. पण टोक आणि बुंधा यांमध्ये काटा हललाच नाही. कडे आणि बुंधा, तिथेही नाही. परतीची सामाईक तार तुटली होती.

ती तार तुटली की काय होते ते त्यांनी समजावून सांगितले, आणि मला ते फार विलक्षण वाटले. परतीचा रस्ता बंद झाला की वीज डाव्या कानातून शिरून उजव्या कानातून बाहेर पडते. मग दोन्ही बाजूंत जेवढा फरक असेल तेवढाच ऐकू येतो. जे दोन्हीकडे सारखे आहे ते एकमेकांना खाऊन टाकते. नव्या ध्वनिमुद्रणात गायकाला बहुधा मधोमध ठेवलेले असते, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे. म्हणून गायक जातो आणि कडेची वाद्ये राहतात. माझ्या कॅसेट एका स्पीकरच्या यंत्रावर भरलेल्या. भाच्याने त्या दोन बाजूंच्या यंत्रावर वाजवून उतरवल्या, तेव्हा आईचा आवाज दोन्ही बाजूंना अगदी सारखा उमटला. टेपची सळसळ मात्र प्रत्येक बाजूची वेगळी. म्हणून आई गेली आणि सळसळ राहिली! कॅसेट खराब झाल्यावर जसे वाटेल अगदी तसेच. तारेने खोटी साक्ष दिली आणि बुरशीचा पूर्वग्रह मनात घेऊन बसलेल्या मी ती खरी मानली.

आता आधीचे तीन. पहिल्याचा डावा कान बंद होता, दुसऱ्याचा उजवा कान खरखर करत गेला होता. दोन्ही प्लगपासून दोन इंचांच्या आत तुटलेले. चौथाही तिथेच. लक्षणे वेगळी, जागा एकच. तिसरा त्यांनी स्वतःच्या रेडिओला लावला, आणि लख्ख आवाज! "हो बरो आसा मरे," म्हणून त्यांनी तो माझ्या हातात परत दिला. मी ओशाळलो. मग आठवले. तो हेडफोन 'मेला' त्याच आठवड्यात भाच्याने संगणकाला नवा मॉनिटर जोडला होता. तो एचडीएमआय तारेने जोडला की त्यातून चित्राबरोबर आवाजही जातो, आणि संगणक कधीकधी स्वतःच ठरवतो की आवाज आता मॉनिटरकडे धाडायचा. मॉनिटरला स्पीकरच नव्हता. हेडफोन बापडा मुकाट बसला आणि मी त्याला मेलेला ठरवून नवा आणला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या आवाजाच्या चिन्हावर टिचकी मारून आवाज कुठे जातो आहे एवढे पाहिले असते तर पुरे होते.

मग त्या गृहस्थांनी खरा प्रश्न विचारला. संगणक ठेवता कुठे? मी सांगितले, मेजाखाली, उजव्या बाजूला, जमिनीवर. आणि हेडफोन लावता कुठे? डब्याच्या पुढच्या भोकात. त्यांनी आपला गुडघा हलवून दाखवला. मी रोज रात्री दोन तास बसतो, खुर्ची फिरवतो, मांडी बदलतो, आणि प्रत्येक वेळी गुडघा त्या पुढे आलेल्या प्लगला लागतो. फोन वाजला की हेडफोन कानात ठेवूनच उठतो, तार ताणली जाते. प्लग काढताना तारेला धरून ओढतो. त्या तारेच्या आत तांब्याचे धागे केसापेक्षाही बारीक. एकेक धागा तुटत जातो, आधी खरखर ऐकू येते, मग एक दिवस सगळे शांत. माझ्या हेडफोनांचा मारेकरी माझाच गुडघा निघाला. वस्तू पुन्हा पुन्हा बिघडते आणि एकाच जागी बिघडते, तेव्हा वस्तू बदलून काय होणार? जागा बदलायला हवी.

त्यांनी दोन हेडफोनांची तार जिथे तुटली होती तिथून कापली आणि धातूचे, आट्याने उघडता येणारे नवे प्लग बसवले. ह्या तारांवर रोगणाचा पातळ थर असतो, तो जाळल्याशिवाय कथिल धरत नाही. म्हणून घरी हौसेने डाग देणाऱ्यांचे डाग सुटतात, असेही त्यांनी सांगितले. दोघांचे मिळून दीडशे रुपये झाले. घरी येऊन मी संगणकाच्या पाठच्या भोकात एक मीटरभर लांबीची जोडतार लावली, तिला मेजाच्या पायाला सैल वळसा देऊन बांधले आणि हेडफोन त्या जोडतारेला लावला. आता मी विसरून उठलो तरी जोड आपोआप सुटतो, तार तुटत नाही. आणि तुटलीच तर तुटेल ती स्वस्तातली जोडतार.

इथवरचा दोष माझा. तो मी पदरात घेतला. पण थोडा दोष दुसऱ्यांच्याही पदरात घालायचा आहे.

कानाशी लावून ऐकण्याचे हे यंत्र काही फार गूढ नाही. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटात नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि अमेरिकी नौदलाने ते विकत घेतले. आजचा साडेतीन मिलिमीटरचा प्लग हा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जाड प्लगचाच धाकटा वंशज. ऑपरेटर दिवसभर तो खुपसायचे आणि उपसायचे. म्हणजे हा जोड झिजणार, ताणला जाणार हे शंभर वर्षांहून अधिक काळ सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही आज बाजारातल्या बहुतेक स्वस्त हेडफोनांचा प्लग रबरात ओतून बंद केलेला असतो. स्क्रू नाही, झाकण नाही. सर्वांत आधी तुटणारी जागाच उघडता येत नाही! बनवणाऱ्याला हे कळत नसेल असे मानायला मी तयार नाही.

आपल्याकडे तबल्याची शाई उडाली किंवा पुडी फाटली म्हणून कुणी तबला फेकलेला ऐकलाय? खाप्रुमामा पर्वतकरांच्या गोव्यात तरी नाही. पुडी फाटणार हे तबला बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते. म्हणून ती वादीने आवळलेली असते, सोडून बदलता येते. खोड तेच राहते, आजोबांचे नातवाकडे येते. तंबोऱ्याची तार तुटते, पेटीचा भाता फाटतो, ते बदलतात. जे आधी झिजणार ते आधी सुटे व्हावे, हे ज्ञान आपल्या गावच्या कारागिराला होते. हेडफोनची तार सुटी, दोन्ही टोकांना काढता येणारी असावी, एवढीच माझी मागणी आहे. असे हेडफोन मिळतातही, पण बहुधा महागड्यांत. गरिबाच्या तबल्याला पुडी बदलण्याची सोय असते, गरिबाच्या हेडफोनला नसते.

भाचा म्हणतो, "मामा, कसली तार घेऊन बसलाय? ब्लूटूथ घ्या." त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. तार नाही म्हणजे गुडघ्याचा प्रश्नच मिटला. त्याचा हेडफोन मी आठवडाभर वापरून पाहिला. गाणी सुरेख वाजली. पण एकदा व्हिडिओ कॉलची खिडकी मागे उघडी राहिली आणि आईचा आवाज एकदम जुन्या टेलिफोनमधून यावा तसा चपटा झाला. कारण असे की ब्लूटूथचे दोन मार्ग असतात. एक गाण्यासाठी, त्यात आवाज चांगला पण एकतर्फी. दुसरा बोलण्यासाठी. एखाद्या प्रोग्रामने मायक्रोफोन उघडला की जुन्या पद्धतीची जोडणी ह्या दुसऱ्या मार्गावर उतरते आणि बारकावे जातात. हे कळल्यावर इलाज सोपा आहे, खिडकी बंद करावी. पण आत जी इवलीशी बॅटरी आहे ती दर चार्जिंगला थोडी थोडी म्हातारी होते, आणि तीही बहुधा बंद डबीत. तार तुटायची ती आता बॅटरी तुटणार, एवढाच फरक.

सरकारलाही हा प्रश्न ठाऊक आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक संकेतस्थळ सुरू केले, जिथे कंपन्यांनी आपापल्या वस्तूंच्या दुरुस्तीची माहिती द्यावी. पाऊल चांगले आहे. पण माहिती देऊन रबरात ओतलेला प्लग उघडत नाही. वस्तू घडवतानाच ती उघडता येईल अशी घडवणे, हा खरा हक्क. तो येईपर्यंत गिऱ्हाईक म्हणून आपण एवढे करू शकतो की दुकानात रंग आणि खोके पाहण्याआधी विचारावे, ह्याची तार सुटते का?

काही जण म्हणतील, दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढे पुराण कशाला? बिघडली, टाकली, नवी आणली. मीही तसेच करत होतो. पण त्या सवयीने माझे दोनशे रुपयेच गेले नाहीत. नवे आणण्याच्या सवयीने दोष शोधण्याची सवय गेली. एक धडका हेडफोन मेलेला ठरला आणि पाच धडक्या कॅसेट बुडालेल्या ठरल्या. दोष शोधण्याची शिस्त खरे तर फार सोपी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तोच हेडफोन दुसऱ्या यंत्राला लावावा. दुसरा हेडफोन त्याच यंत्राला लावावा. पुढचे भोक सोडून पाठचे वापरून पाहावे. प्लगजवळची तार हलकेच वाकवून आवाज येतो-जातो का ते ऐकावे. मोबाईलच्या हेडफोनचा चार भागांचा प्लग असेल तर तो त्या संगणकाला चालतो का ते पाहावे, कारण त्या चार भागांची मांडणी सगळीकडे एकसारखी नव्हती, आणि मांडणी चुकली तरी गायक गायब होतो. हे सगळे करायला पाच मिनिटे लागतात. तोवर कुणाला मेलेले म्हणू नये.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली, त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत आमच्या केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. तिच्याविषयीची दुसरी गोष्ट मला आता जास्त मोलाची वाटते. ज्यांनी ती पाठवली त्यांनी सोबत ती वाजवायची सुईही ठेवली, आणि ती कशी वाजवावी हे वेष्टणावर चित्रांनी कोरले. ऐकणारा कोण असेल, असेल की नाही, हेही माहीत नसताना! आवाज जपायचा तर तो ऐकायचे साधनही ऐकणाऱ्याच्या हातात हवे, हे त्यांना कळले होते.

म्हापशाहून परतलो त्या रात्री सातवी कॅसेट लावली. सुरुवातीला थोडी सळसळ, मग खाकरणे, मग आई. बुरशीने एकदोन ठिकाणी आवाज दबला आहे, पण ओव्या सगळ्या आहेत. ताईला फोन लावला आणि काही न बोलता हेडफोन मोबाईलला टेकवून धरला. दोन-तीन ओव्या झाल्यावर पलीकडून ताईचा आवाज आला. ती पुढची ओवी आईच्या बरोबरीने म्हणत होती.